साक्ष आणि जवळा

आई, तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले आणि उद्या मला साक्ष द्यायला उभं राहायचं आहे. चर्चमधून पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. समोर एक गृहस्थ बाही वर करून, डोळे घट्ट मिटून बसले होते आणि मी त्यांची नस शोधत होते. "शैलाताई, रविवारी आईंची स्मरणाची उपासना ठेवतोय. साक्ष तुम्हीच द्या," असं ते म्हणाले आणि मी फोन खांद्यात धरून "हो, हो" म्हटलं. त्या गृहस्थांचं रक्त काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलोय. तुम्ही असता तर तोंडावर पदर धरून हसला असता.

ज्या मंडळीत मी सहा वर्षं तोंड उघडलं नाही, तिच्यासमोर मी बोलायचं. आणि न उघडण्याचं कारण तुम्हीच होता, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यामुळे आज रजा घेऊन हे लिहायला बसले आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय तुमच्याबद्दल बोलता येणार नाही असं दिसतंय.

विनयचं जाणं तुम्हाला सांगायची गरज नाही. कोपरखैरण्याच्या बसथांब्यावर, सकाळी, महाप्याच्या कंपनीची बस यायच्या आधी, तुमचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा खाली बसला तो उठलाच नाही. डबा त्याच्या खांद्यालाच होता. भेंडीची भाजी मी केली होती, पोळ्या तुमच्या होत्या. आम्हाला मूल नव्हतं. तेव्हा बोनकोड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत उरलो आपण दोघी. मी मुंबईत वाढलेली, तुम्ही नगरकडच्या, मास्तरांच्या विधवा. मला मासळीशिवाय जेवण जात नाही आणि तुम्हाला सुक्या मासळीच्या वासानं मळमळायचं. दोघींना जोडणारा माणूस गेला होता आणि तरी घर तेच होतं. पाळकसाहेबांनी त्या काळात नवरा गेल्यावरही सासूला न सोडणाऱ्या सुनेची ती शास्त्रातली गोष्ट दोनदा सांगितली, दोन्ही वेळा आपल्याकडे बघून. तुम्ही मान डोलावत होता. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते.

आणि मग तो रविवार. विनयला पुरून चार आठवडे झाले होते. आपलं देऊळ म्हणजे शाळेचा भाड्याचा हॉल. भिंतीवर पाढे आणि पक्ष्यांची चित्रं, बसायला पाचवीतल्या मुलांची बाकं. लाकडी क्रूसाचे दोन भाग पाळकसाहेब स्कूटरवरून आणून स्क्रूनं जोडतात, तो जोडून झाला होता. दुसरं गाणं झालं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सगळ्यांना सांगायचं. कुणाची नोकरी टिकलेली असते, कुणाची गाठ साधी निघालेली असते. आणि तुम्ही उठलात. गुडघ्यावर हात रेटून, डोक्यावरचा पदर सावरून उठलात आणि म्हणालात, "प्रभूनं मला शांती दिली. माझं दुःख त्यानं उचललं. त्याचे उपकार मानते."

एवढंच, तीन वाक्यं. सगळे "आमेन" म्हणाले. पुढच्या बाकावरची एक बाई रडायला लागली. मी उठले आणि बाहेर पडले, आणि मुलांच्या पाणी प्यायच्या नळांपाशी जाऊन बसले.

चार आठवड्यांत शांती! माझ्या उशाला त्याचा शर्ट होता, न धुतलेला. आणि ज्या बाईनं त्याला जन्म दिला तिचं सगळं आटोपलं होतं, वर उपकारही मानून झाले होते. मला तुमचा राग आला, आई. नुसता राग नाही, किळस आली. हे तुम्हाला मी घरी येऊन याच शब्दांत सांगितलं. "मुलगा होता तुमचा. कुणी शेजारी नव्हता," असं मी म्हणाले. तुम्ही चपला काढत होता. तुम्ही म्हणालात, "तू मला विचारू नको, शैला." मी आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही.

त्यानंतर मी देवळात गेले नाही. म्हणजे तुमचे गुडघे असे की रिक्षात चढवायला-उतरवायला कुणीतरी लागायचं, म्हणून दर रविवारी शाळेपर्यंत येत होते. तुम्हाला बाकावर बसवायचं आणि नळांपाशी वर्तमानपत्र घेऊन बसायचं. सहा वर्षांत वर्तमानपत्र वाचून काढायची मला चांगली सवय लागली, अगदी निविदा-सूचनांसकट. मात्र गाणी ऐकू यायची, प्रार्थना ऐकू यायच्या. कोण खोकतंय तेही कळायचं. तुम्ही एकदाही "आत ये" म्हणाला नाहीत. मला वाटायचं, हिला शांती मिळालीय, हिला काय पडलंय.

भांडण मात्र आपण जिवंत ठेवलं होतं. दोन-तीन महिन्यांनी एकदा, बहुतेक भाजी निवडताना, मी टोचायची. "तुम्हाला बरंय, तुमचं ओझं उचलायला माणूस आहे." तुम्ही मेथीच्या काड्या मोडत राहायचात. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, तुम्ही काड्या बाजूला ठेवल्या आणि म्हणालात, "शैला, साक्ष दोन तऱ्हेची असती बघ." आणि कुकरची शिट्टी झाली. मी गॅसकडे जात म्हणाले, "मला एका तऱ्हेचीही नको." तुम्ही पुन्हा काड्या उचलल्या. दुसरी तऱ्हा कोणती ते त्यामुळे मला कळलं नाही. ती शिट्टी मी आता कितीदा ऐकते. कुकर बंद करून परत यायला मला किती वेळ लागला असता?

तुम्ही गेलात त्या दुपारी फोन हिराबायचा आला. आपली घरमालकीण कधी फोन करत नाही, जिन्यातून हाक मारते. "बाय, तू ये. मास्तरीनबाई गेली," असं ती म्हणाली. मी आले तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीतच होता, चष्मा डोळ्यांवर, मान जरा कलती. हिराबायनं तुमचे पाय सरळ केले होते आणि स्वतः खाली फरशीवर बसली होती. मी विचारलं, तुम्ही वर कशा आलात? ती म्हणाली, "तीन वाजून गेलं, खाली नाय आयली. म्हनून बघायला आली." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी डोक्यात शिरण्यासारखं ते वाक्य नव्हतं. पेटी, फुलं, दफनभूमीची परवानगी, नगरहून येणारे तुमचे भाऊ, अशी कामं होती. कामात मी चांगली असते.

पाचव्या दिवशी मी हिराबायचे डबे परत द्यायला खाली गेले. पाच दिवस तिनं दोन्ही वेळचं जेवण वर पाठवलं होतं, आणि आठवणीनं मासळीशिवाय, जणू तुम्हीही जेवणार होता. ती मागच्या खोलीत होती. ती खोली तुम्हाला माहीत आहे. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पूर्वी म्हणे तिथं भाताची पोती असायची, शेतं होती तेव्हा. आता तिथं सुका जवळा असतो, त्या बारीक कोळंबीचे ढीगच्या ढीग. हिराबायच्या लेकीच्या सासरहून, उरणहून येतो. ती तो सुपात घेऊन निवडते, कचरा काढते, पिशव्या भरते आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतून विकते. दारातच तो वास अंगावर येतो. मला आवडतो. भिंतीला लागून एक पाट होता आणि पाटावर तुमची जुनी शाल घडी करून ठेवली होती.

"ही इथं कशी?" मी विचारलं.

"गुडग्याखाली घ्यायची ती."

"कोण? आई? इथं?"

हिराबायनं सूप खाली ठेवलं. "तुला नाय म्हाईत? सहा वर्सं रोज यायची, तीन वाजता. इथं बसून देवाशी भांडायची."

"भांडायची?"

"मंग? गोड बोलायला वर घर नवतं काय?"

आई, मी दिवसभर लॅबमध्ये. सुट्टीच्या दुपारी तुम्ही "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायचात आणि मी कूस बदलून झोपायची. तुमच्या पदराला कधी कधी जवळ्याचा वास यायचा. मी म्हणायची, इमारतीलाच वास आहे. ज्या वासानं तुम्हाला मळमळायचं त्या वासात तुम्ही रोज तासभर बसत होता, कारण तिथं मी येणार नव्हते आणि मंडळीतलंही कुणी येणार नव्हतं.

हिराबायनं मग सगळं सांगितलं. अधूनमधून जवळ्यातला खडा काढून बाजूला टाकत, घाई न करता. त्या रविवारी, मी दार लावून आत पडले होते तेव्हा, तुम्ही पहिल्यांदा खाली आलात. "आयली, बसली, आनि बोलली, हिराबाय, मी आज देवलात खोटं बोलून आले. बोलली, शांती दिली म्हनून सांगितलं. दिली नाय अजून. आत सगला जाल हाय. मी बोलली, अगो, मंग परत जा आनि सांग तसं. तर बोलली, नाही. सगल्यांसमोर त्याचं नाव घेतलंय. आता नाही दिली तर लाज माजी नाय जायची, त्याची जाईल."

मी पाटावर बसले. तुमच्या शालीवर नाही, बाजूला.

म्हणजे मी जी पोच समजले होते ती मागणी होती. तुम्ही देवाला मंडळीसमोर अडकवून ठेवलं होतं. मला वाटलं होतं तुम्ही किती गरीब स्वभावाच्या! सहा वर्षं मी ज्या बाईवर रागावले होते ती बाई रोज दुपारी तीन वाजता माझ्याहून जास्त रागावलेली होती, फक्त ती रागावण्यासाठी योग्य माणसाकडे जात होती. मी नळांपाशी बसून निविदा वाचत होते.

लॅबमध्ये रोज बघते मी हे. सुई टोचायच्या आधीच डोळे मिटून "नाही दुखत, नाही दुखत" म्हणणारी माणसं असतात. त्यांना कुणी खोटारडं म्हणत नाही.

"भांडायची म्हणजे काय म्हणायची?" मी विचारलं.

"एकच. रोज तेच. बोलायची, माजा एकच होता. तुजापन एकच होता. तुला ठाऊक होतं कसं लागतं. ठाऊक असून माजा नेलास?" हिराबायनं सूप हलवलं. "मला आदी कललं नाय गो, देवाचा पोरगा गेला म्हंजे काय. तर तिनी मला सगली गोस्ट सांगितली, कसा मारला, त्याची आय खाली उभी होती. मी बोलली, अगो, मंग तो पन आपल्यातलाच हाय."

तुझाही एकच होता, हे तुमचं वाक्य मी रविवारच्या शाळेत पाठ केलेल्या वाक्यांच्या पलीकडचं नाही. देवानं आपला पुत्र दिला, हे मला बोलता यायला लागल्यापासून ठाऊक आहे. त्याच्यावर बक्षीस म्हणून मला एकदा रंगपेटी मिळाली होती. पण ते कुणी कधी देवाच्या तोंडावर फेकलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि एका मुलगा गमावलेल्या बाईला त्याच्यात काय सापडू शकतं, ते मला एका हिंदू बाईनं जवळा निवडताना सांगावं लागलं. हिराबायचा थोरला खाडीत गेला होता, विनयच्याही कितीतरी आधी, हे मला चौदा वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

तुमचं भांडण संपलं की हिराबाय विचारायची, "काय बोलला?" तुम्ही म्हणायचात, "काही नाही." ती म्हणायची, "मंग उद्या ये." आणि तुम्ही गुडघ्यावर हात रेटून उठायचात. एवढंच तुम्हा दोघींचं धर्मकार्य. सहा वर्षं चाललं.

"आणि मिळाली का शेवटी?" मी विचारलं. "शांती?" हा प्रश्न मी तुम्हालाच विचारायला हवा होता. चांगल्या आवाजात.

हिराबायनं जरा विचार केला. ती म्हणाली, कधी ते नेमकं सांगता येणार नाही. शब्द शेवटपर्यंत तेच होते. माझा एकच होता, तुझाही एकच होता, तुला ठाऊक आहे कसं लागतं. "पन आदी वरडून बोलायची. मंग हलू बोलायला लागली, शेजारनीशी बोलतात तसं. ठाऊक असून नेलास, ते मागचं बोलायची बंद झाली. आनि एक दिवस आयली, बसली, माज्या सुपातला जवला निवडायला लागली. मी बोलली, आज भांडन नाय? बोलली, आज नाही. मी बोलली, मिललं काय मंग? तर बोलली, ते माहीत नाही हिराबाय, पण आज तुझ्या जवळ्याचा वास आला नाही."

मग मी रडले, आई. तिथं, डबे मांडीवर ठेवून. विनय गेला तेव्हा मी कुणासमोर रडले नव्हते आणि तुम्हाला पुरतानाही नाही. हिराबायनं मला गप्प केलं नाही. तिचं निवडणं चालू राहिलं.

तर आता उद्याचं. चार दिवस मी वेगवेगळी वाक्यं लिहून बघितली. "आई प्रेमळ होत्या." तुम्ही प्रेमळ नव्हता, तुम्ही मला चहात साखर किती घालायची यावरून चौदा वर्षं छळलंत. "आईंचा विश्वास अढळ होता." तो किती ढळला होता ते हिराबायच्या भिंतींना माहीत आहे. ढळून ढळून तुम्ही तो रोज तीन वाजता परत उचलत होता, आणि ते मला अढळपेक्षा मोठं वाटतं, पण असं बोलले तर पुढच्या बाकावरची बाई गोंधळून जाईल. खरं सांगू का? हिराबायच्या खोलीतलं मी मंडळीत सांगणार नाही. तुम्ही ते सहा वर्षं माझ्यापासून लपवलंत, मी पाळकसाहेबांना कशाला सांगू.

मला अजून शांती नाही. तुम्ही असताना तुमच्यावर रागवायची तरी सोय होती. आता खोलीत एक खुर्ची रिकामी आहे आणि संध्याकाळी चहात साखर मीच घालते, तुमच्या मापाची, आणि मला तो गोड लागतो. तुम्ही मला खूप हव्या आहात. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, आणि तुम्ही मला "आत ये" कधी म्हटलं नाहीत. आपण दोघी सारख्याच हट्टी होतो. तुमच्या मुलानं मध्ये बसून ते सांभाळलं होतं.

आज तीन वाजता मी खाली गेले. हिराबायनं वर बघितलं नाही. पायानं पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. या वेळी तुमच्या शालीवर बसले, गुडघे माझेही आता कुरकुरतात. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सुरुवातीला लाज वाटली. मग मी म्हटलं, माझाही एकच होता. पुढे काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, कारण तुमचं पुढचं वाक्य आईचं आहे आणि मी कुणाची आई नाही. मी म्हटलं, तू दोघांना नेलंस, आता इथं मी आणि तू असे दोघेच आहोत, तेव्हा तूच बोल. जवळ्यातून एक इवलासा खेकडा निघाला, हिराबायनं तो बाजूला टाकला.

"काय बोलला?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मंग उद्या ये."

"उद्या रविवार आहे, हिराबाय. देवळात जायचंय. साक्ष आहे माझी."

"साक्ष झाली की ये," ती म्हणाली. "तुजी सासू पन तवाच आयली होती."

तर आई, उद्या मी नळांपाशी बसणार नाही. आत येऊन तुमच्या बाकावर बसेन. दुसरं गाणं झालं की उठेन, पदर नसला तरी ओढणी डोक्यावर घेईन आणि तुमची तीन वाक्यं जशीच्या तशी म्हणेन. प्रभूनं मला शांती दिली. माझं दुःख त्यानं उचललं. त्याचे उपकार मानते. सगळे "आमेन" म्हणतील. त्यातलं एकही वाक्य अजून खरं नाही, हे तिथं फक्त आपल्या तिघांना, तुम्हाला, मला आणि त्याला, माहीत असेल. मग घरी येऊन वरणभात खाईन, आणि तीन वाजता खाली जाईन.